राष्ट्रपती भवनाची टूर: बँक्वेट हॉलसाठी तरी नक्की जा

आईला घेऊन दिल्लीला गेलो होतो तेव्हा राष्ट्रपती भवन आतून बघून आलो. ऑनलाइन बुकिंग, माणशी ५० रुपये, ओळखपत्र ओरिजिनल ठेवा आणि मोबाइल बाहेरच जमा करायचा. आमच्या कॅबवाल्याने भलत्याच गेटला उतरवलं आणि आईला उगाच बरंच चालावं लागलं, त्यामुळे गेट नंबर आधीच बघून घ्या.

मला मुळात बघायचं होतं ते म्हणजे परदेशातला राजा आला की इथे नेमकी काय तयारी असते. २०१९ मध्ये ऑक्टोबरात नेदरलँड्सचे राजा-राणी आले, डिसेंबरात स्वीडनचे, पुढे दोन्ही जोडपी आपल्या मुंबईलाही येऊन गेली, त्यांचं स्वागत ह्याच फोरकोर्टात, म्हणजे भवनासमोरच्या मोठ्या अंगणात, दोन्ही राष्ट्रगीतं, गार्ड ऑफ ऑनर, मग तिथून राजघाट. टीव्हीवर दोन मिनिटात संपतं पण तिथे उभं राहिलं की कळतं अंतर किती आहे आणि प्रत्येकाची पावलं, जागा आधी ठरवून ठेवल्याशिवाय हे जमणारच नाही.

पण खरी कमाल बँक्वेट हॉलची!! एकच लांबलचक टेबल, १०४ माणसं बसतात, भिंतीवर माजी राष्ट्रपतींची पोर्ट्रेट्स (आईने सगळ्यात आधी प्रतिभाताई शोधल्या) आणि त्या चित्रांच्या वर छोटे रंगीत दिवे. मला वाटलं चित्रांवर उजेड पाडायला असतील, तर तो वाढणाऱ्यांसाठी इशारा आहे, कुठला रंग लागला की वाढायला घ्यायचं, कुठला लागला की प्लेटा उचलायच्या, सगळं ठरलेलं, म्हणजे एवढ्या मोठ्या टेबलावर कुणाचं पान रिकामं राहत नाही आणि कुणाला हाक मारावी लागत नाही. आपल्या पंगतीत यजमान नुसत्या नजरेने वाढप्याला खुणावतो ना, अगदी तेच. आई तर तिथून हलेचना.

म्युझियमचं बुकिंग वेगळं, तेही करा. १९११ च्या दिल्ली दरबारातली ब्रिटिश राजा पंचम जॉर्जची चांदीची खुर्ची तिथे आहे, ६४० किलोची. त्या राजासमोर आपले संस्थानिक मुजरे करत होते आणि आज राजे येतात ते आपण निवडलेल्या राष्ट्रपतींचे पाहुणे म्हणून, हे त्या खुर्चीसमोर उभं राहून आठवलं आणि खरंच भरून आलं.

५ पैकी ५. फक्त सरकारी कार्यक्रम असला तर टूर रद्द होऊ शकते, म्हणून दिल्लीतल्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका.