असिस्टंट एडिटर व्हायचंय? मग डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते

रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेणारे बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी रंग आणि ट्रान्झिशनमध्ये रमतात. त्यासाठी नवख्याला कोणी कामावर घेत नाही. एडिट रूममध्ये त्याच्या वाट्याला येतं ते रशेस (शूटिंगचं कच्चं फुटेज) लावणं, आवाज सिंक करणं म्हणजे चित्राशी जुळवणं आणि साउंडवाल्यांकडे माल पाठवणं. ब्लॅकमॅजिक कंपनीच्या या फुकट आवृत्तीत एवढं सगळं नीट होतं.

पहिली चूक पहिल्याच मिनिटात होते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) २४ असतो, टीव्हीचं काम असेल तर २५ लागतो. मोबाइलची ३० फ्रेमची क्लिप टाकली की सॉफ्टवेअर विचारतं, बदलू का? घाईत ‘हो’ दाबलं जातं आणि एकदा मीडिया आत आला की हा आकडा कुलूपबंद. म्हणून आधी आकडा, मग क्लिप. मोबाइलच्या फुटेजचा फ्रेम रेट मुळात हलता असतो, त्यामुळे लांब शॉटमध्ये आवाज हळूहळू सरकतो. आधी हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्यावं.

सिंकसाठी बिनमध्ये (क्लिप ठेवायच्या फोल्डरमध्ये) व्हिडिओ आणि ऑडिओ निवडून राइट क्लिक, ऑटो सिंक, वेव्हफॉर्मनुसार (आवाजाच्या आलेखानुसार). कॅमेऱ्याचा माइक बंद असेल तर हे फसतं. मग शॉटच्या सुरुवातीची क्लॅपची पाटी मिटते ती फ्रेम आणि वेव्हफॉर्ममधला टोकदार उभा ठोका हातानं जुळवायचा. हे हातानं जमलंच पाहिजे.

साउंडला देताना चित्राची पहिली फ्रेम ०१:००:००:०० या टाइमकोडवर (तास:मिनिटं:सेकंद:फ्रेम) ठेवा. बरोब्बर दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० वर, एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा बीप. तो नसेल तर मिक्स परत आल्यावर कुठे बसवायचा याचा अंदाजपंचे खेळ सुरू होतो. डिलिव्हर पेजवर प्रो टूल्स या साउंडच्या सॉफ्टवेअरचा तयार प्रीसेट आहे; त्यात २४ ते ४८ फ्रेमचे हँडल्स (कटच्या दोन्ही बाजूंना जादा आवाज) द्या, नाहीतर साउंड एडिटरला फेड करायला पुढेमागे आवाजच उरत नाही. सोबतच्या व्हिडिओवर डेटा बर्न-इनमधून टाइमकोड छापा.

खटकणारी गोष्ट म्हणजे प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतो, रिझॉल्व्हच्या डेटाबेसमध्ये असतो. हार्डडिस्क उचलून दुसऱ्या मशीनवर गेलात की हात रिकामे. रोज संध्याकाळी डीआरपी (प्रोजेक्टची फाइल) एक्स्पोर्ट करायची, तारीख नावातच घालून.

रॅम १६ जीबी हवीच. आठवर फ्यूजन (रिझॉल्व्हमधलं इफेक्ट्सचं पेज) उघडलं की मशीन घरघरतं. विंडोजवर काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइलींचं चित्र फुकट आवृत्तीत दिसत नाही, नुसता आवाज येतो. त्या डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्याव्या लागतात. नॉइज रिडक्शन ‘स्टुडिओ’ या विकतच्या आवृत्तीतच मिळतं, एकरकमी २९५ डॉलर. सिंक आणि टर्नओव्हरला (साउंडकडे माल पाठवायला) त्याचा काडीचाही उपयोग नाही.

सिनेमाच्या एडिट रूममध्ये बऱ्याचदा अ‍ॅविड हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर असतं. रिझॉल्व्हच्या कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये त्याचा शॉर्टकटचा लेआउट तयार मिळतो, बोटांना सवय तिथूनच लावावी.