कॉम्पास: शिक्षेच्या तराजूतील संगणकीय वजन
अमेरिकेतील काही न्यायालये शिक्षा ठरवताना ज्याचा आधार घेतात, ते 'कॉम्पास' सॉफ्टवेअर आरोपी पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याला 1 ते 10 गुण देते. प्रश्नावलीत वंश विचारला जात नाही. मात्र आईवडील कधी तुरुंगात होते का, मित्रांपैकी किती जण अमली पदार्थ घेतात, हे विचारले जाते, आणि गरिबी याच वाटेने गुणांत शिरते. 2016 साली 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातील नोंदी तपासल्या, तेव्हा पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे 45 टक्के, तर गोऱ्यांपैकी सुमारे 23 टक्के लोक अधिक धोकादायक ठरवले गेल्याचे दिसले; उत्पादक कंपनीने हा निष्कर्ष नाकारला. मला सर्वाधिक खटकते ते सूत्राचे व्यापारी गुपित: ज्याच्या आयुष्याची वर्षे पणाला लागतात, त्यालाच ते तपासता येत नाही.