ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बिअरची थंड पिशवी, दोन सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हे टेक्सासात बसून लिहितोय. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने १९७९ पासून घरी बिअर बनवायला मुभा आहे, घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे तेव्हा तिकडच्या मंडळींनी नुसतं वाचा.

तर पिशवी. कंपनीचं नाव घेत नाही, असल्या पिशव्या सगळ्या एकाच जातीच्या असतात. जाड फोमची, धुण्याच्या कपड्यांच्या बास्केटएवढी, वर गोल चेन. आत बिअर आंबवायची १९ लिटरची बादली ठेवायची, बाजूला बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या, चेन लावायची, झालं. वीज नाही काही नाही.

गरज का पडली? घरातला एसी २६ वर असतो, बिल बघून त्याखाली न्यायची हिंमत होत नाही. आणि बिअर आंबवणारं यीस्ट कामाला लागलं की ते स्वतःच उष्णता सोडतं, बादलीच्या आत खोलीपेक्षा सहज तीन-चार अंश जास्त. म्हणजे झाले ३० आणि एल जातीच्या बिअरच्या यीस्टला पाहिजेत १८ ते २०. माझी पहिली पेल एल कपाटात ठेवून केलेली, ग्लासात ओतली तर पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास आणि मागून नेलपॉलिश रिमूव्हर. दोन घोटात डोकं धरलं. ४० बाटल्या सिंकमध्ये.

मग मी नागपूरचा, म्हटलं माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं करू, टॉवेल भिजवून बादलीला गुंडाळला, समोर पंखा लावला. दोन अंश पण उतरले नाहीत. अरे नागपूरच्या कोरड्या हवेत जो कूलर खोली गार करतो तो मुंबईत नुसता दमट वारा फेकतो, ह्यूस्टन त्या बाबतीत मुंबईच आहे. कोरड्या हवेच्या फिनिक्सला कोणी असेल तर त्याने टॉवेल बिनधास्त वापरावा.

पिशवीत मात्र हिशोब जमतो. दोन लिटरचा बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढ्यात १९ लिटर कागदावर तरी आठ अंशांनी उतरतात, बाहेरून थोडी गरमी येते ती वजा. मी सकाळी ऑफिसला जाताना एक बाटली आणि रात्री झोपताना एक बदलतो, बादलीला चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी १९ च्या आसपास राहते. पहिले तीन-चार दिवसच सांभाळायचे, बहुतेक नको ते वास तेव्हाच तयार होतात. नंतर उलट दोन अंश वर गेलेलंच बरं, यीस्ट राहिलेलं काम नीट संपवतं.

पहिल्या वेळी अतिउत्साहात मी एकदम तीन बाटल्या कोंबल्या. सकाळी पट्टी १४ वर, बुडबुडे बंद, आणि आतली हवा आकसल्यामुळे एअरलॉकमधलं (झाकणावरची पाणी भरलेली नळी, आतला गॅस बाहेर सोडते) सॅनिटायझरचं पाणी बिअरमध्ये ओढलं गेलेलं. बिअर वाचली, पण तेव्हापासून एअरलॉकमध्ये व्होडका घालतो, गेली आत तर गेली. आई तेव्हा इथेच होती, चेन उघडून बघितलं आणि म्हणाली, "लोणच्याच्या बरणीला पण मी एवढं जपलं नाही रे."

कटकटी आहेत. फ्रीझरचा एक कप्पा आठवडाभर जातो, खोवलेलं नारळ आणि पोळ्यांची पाकिटं कुठे ठेवायची यावरून घरात रोज बोलणी. बाटल्यांना घाम सुटून तळाला पाणी साचतं, ते दर वेळी पुसलं नाही तर कोपऱ्यात काळी बुरशी, माझ्या पिशवीला लागलीच. दोन दिवस गावाला जायचं असेल तर विसरा. आणि लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, होत नाही, १० ते १२ अंश आठवडे-आठवडे धरून ठेवणं बर्फाच्या बाटल्यांचं काम नाही, त्याला जुना फ्रिज आणि त्यावर इंकबर्डसारखा टेम्परेचर कंट्रोलरच पाहिजे. हे सगळं झेपत नसेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या, ते ३५ ला पण खुशीत असतं, पिशवीच नको.

साठ-सत्तर डॉलर आणि अपार्टमेंटमध्ये दुसरा फ्रिज ठेवायला जागा नाही, या हिशोबात मी परत हीच घेईन. चेन वर्षभरात अडकायला लागते, मेणबत्ती घासा, चालते.