जास्वंद की कण्हेर? शिंकांचा त्रास असेल तर

भाऊ, अंगणात लावायले जास्वंदच बरी. तिचा परागकण 100 मायक्रॉनच्या (म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या) वर, काटेरी अन् चिकट, वाऱ्यावर उडतच नाही म्हणून नाकात जायचा चान्स कमी, फक्त फूल नाकाले लावून हुंगू नका. मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) मात्र लागते, पाणीही पाहिजे.

कण्हेर विदर्भातल्या उन्हाळ्यात बिनापाण्याची तगते, परागही फुलाच्या नळीत आतच राहतो, म्हणजे शिंकांच्या बाबतीत दोघी जवळपास सारख्याच, पण कण्हेरीचं पान-फूल-लाकूड सगळंच विषारी, चीक अंगाले लागला तर खाजवते, अन् घरी बकऱ्या, लहान पोरं असतील तर कायले रिस्क घेता? शेताच्या धुऱ्यावरही (बांधावर) नको, बैल तोंड घालते. बाकी पावसाळ्यात शिंका बऱ्याचदा बांधावरच्या गाजर गवतानं येतात, ते आधी उपटा, हातमोजे घालून.