घरी लाकूड कातायले लेथ घ्यायची आहे: मिनी, मिडी का लोकल बनावटीची?

पहिलेच सांगतो, लेथ म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पटाशीनं गोल कातायची मशीन; ती पाहायच्या आधी घरचं लाटणं अन् पोळपाट काढा अन् त्याले टेप लावा. आमच्या घरचं लाटणं 13 इंच भरलं, पोळपाट साडेनऊ. आता मिनी लेथ म्हणून जी मिळते ती बहुतेक 8 बाय 12 असते, म्हणजे जास्तीत जास्त 8 इंच व्यासाचं लाकूड फिरते अन् लाकूड पकडणाऱ्या दोन टोकांच्या, म्हणजे सेंटरच्या, मधात 12 इंचाचा तुकडा बसते. झालं, लाटणंही गेलं अन् पोळपाटही गेला. मी हे न मोजता घेतली होती, म्हणून सांगून रायलो.

तशी मिनी काही वाईट नाही बरं का. भवरे, खुंट्या, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं, एवढंच करायचं असेल तं ती मस्त आहे, काम झालं की उचलून दिवाणाखाली सरकवता येते. पण तिची खरी भानगड आहे स्पीडच्या बटनात. आत डीसी मोटर अन् स्पीड सांभाळणारं कंट्रोल कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) असते, बटन कमी केलं की स्पीडसोबत ताकदही कमी होते, पटाशी जरा दाबली का लाकूड जागेवर थांबते. अन् बऱ्याच मिनीचा कमीत कमी स्पीडच मिनिटाले 700-750 फेऱ्यांच्या वर असते, त्यावर धुऱ्यावरच्या बाभळीचा वाकडातिकडा ओंडका चढवला तं टेबल चालायले लागते.

माझं कार्ड गेलं ते मात्र लाइनीच्या पायी. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन गेली, मी बटन बंद करायले विसरलो, मग लाइन आली ते भपकन वाढीव होल्टेजनं, बल्ब पांढरेफक्क अन् मशीनमधून जळका वास. नवीन कार्ड कुरिअरनं यायले महिना लागला, तोवर मशीन पोत्याखाली.

म्हणून लोकल बनावटीची, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली, लेथ मले गावासाठी जास्त पटते. लोखंडी चॅनलचा बेड (मशीनचा खालचा सांगाडा), एक एचपी सिंगल फेज इंडक्शन मोटर, पट्टा अन् स्टेप पुली (लहान-मोठ्या पायऱ्यांची चाकं, पट्टा सरकवला की स्पीड बदलते), बस. मोटर जळली तं तालुक्याले पंपाची मोटर भरणारा रिवाइंडिंगवाला आहेच, पट्टा तोच ए सेक्शनचा जो कृषी केंद्राच्या बाजूच्या दुकानात लटकलेला असते, बेअरिंग 6205 टाकायले सांगा, ती कुठंही मिळते. स्पीडचा हिशोब सोपा आहे: मोटर 1440 ची, तिच्यावर 3 इंची पुली अन् स्पिंडलवर (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावर) 6 इंची असली की 720. लाकडाचा व्यास इंचात गुणिले स्पीड हे 6000 ते 9000 च्या मधात ठेवा असा ठोकताळा आहे, म्हणजे 10 इंची पोळपाटाले 720 बरोबर बसते. लाटण्याले हिशोबानं 3000 च्या वर येते, पण मी दीड-दोन हजारावरच काढतो, फक्त पटाशीले धार पाह्यजे.

होल्टेजचा मार इंडक्शन मोटरलेही बसतेच. 230 चं 180 झालं तं मोटरचा जोर साठ टक्क्यांवर येते, कारण जोर होल्टेजच्या वर्गानं पडते. आमच्याकडे पंप सुरू झाले की हे रोजचंच, तेव्हा मी जाड काम करत नाही, पॉलिश पेपर मारत बसतो. अन् साधं बटन लावू नका, नो-व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर लावा, लाइन गेली की पडते अन् आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. हात मधात असताना सुरू झाली तं काय होईल विचार करा.

लोकलची खोट म्हणजे फिनिशिंग. टेलस्टॉक (लाकडाले दुसऱ्या बाजूनं टेकू देणारा सरकता भाग) पुढं सरकवून त्याचं अन् स्पिंडलचं टोक एकमेकाले भिडवून पाहा, टोकाले टोक लागलं पाह्यजे. लाटण्याले थोडा फरक खपून जाते, पण टेलस्टॉकमधून भोक पाडायचं असलं की भोक वाकडंच जाते. माझ्या भावानं बनवली तिच्यात काडेपेटीतल्या काडीएवढा फरक निघाला, फॅब्रिकेशनवाल्यानं पातळ पत्रे टाकून बसवला, दोन चकरा झाल्या. टेलस्टॉकमध्ये एमटी 2 टेपर (निमुळत्या भोकाचं एक ठरलेलं माप) करून घ्या, नाही तं पुढं ड्रिल चक (ड्रिल बिट धरणारा भाग) घेताना तीच बोंब.

मिडी म्हणजे 12 बाय 18 वाली, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) बेड, पाऊण ते एक एचपी. खरं बोलायचं तं मशीन म्हणून हीच सरस, बीड थरथर खाऊन टाकते, लाटणं-पोळपाट दोन्ही आरामात, अन् पट्टा बदलून वर बटनानं स्पीड करायची सोय असली तं कमी स्पीडलेही जोर राहते. पण कार्ड इथंही आहेच. घरी चांगला स्टॅबिलायझर असेल, महिन्यातून नागपूर-अमरावतीले चक्कर होत असेल अन् खिसा जमत असेल तं हीच घ्या, लोकलच्या नादी लागू नका. नाही तं लोकल.

कोटेशन घेताना मोटर, टूलरेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) अन् फेसप्लेट (चपटं लाकूड स्क्रूनं बसवायची चकती) धरून आहे का सोडून, अन् 18 टक्के जीएसटी आत आहे का वरून, हे लिहून घ्या. अन् कोणी "6 इंची लेथ" म्हणाला तं विचारा, बेडपासून सेंटरची उंची 6 का पूर्ण व्यास 6? उंची असेल तं 12 इंचाचं लाकूड फिरते, व्यास असेल तं वाटीसुद्धा मोजून करा लागते.