शिडाच्या बोटीला बो थ्रस्टर: टनेल की आत-बाहेर होणारा?

बो थ्रस्टर म्हणजे बोटीची नाळ (पुढचं टोक) बाजूला ढकलणारा विजेचा पंखा. टनेल थ्रस्टर साधा: नाळीत आरपार फायबरग्लासची नळी, आत पंखा. हलणारे भाग कमी, खर्चही कमी. पण शिडाच्या बोटीची नाळ उथळ असते. नळी पाण्याखाली पुरेशी खोल नसली की पंखा हवा ओढतो, नुसता आवाज होतो, नाळ हलत नाही. शिवाय दोन्ही बाजूंची भोकं शिडावर चालताना वेग खातात.

आत-बाहेर होणारा थ्रस्टर महाग, जागा खाणारा. त्याचे पाणी अडवणारे सील नियमित तपासावे लागतात. तरी तो खोल उतरतो आणि मिटल्यावर तळ जवळजवळ सपाट राहतो. लांब पल्ल्यासाठी मी हाच घेईन.

बॅटरी मात्र दोन्हींत नाळीजवळच हवी: १२ व्होल्टवर शेकडो अँपिअर लागतात, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं.