क्लबहाऊस की शाळेचं पटांगण: मुलांचा जादूगार व्हायचं तर

मुलांना जादू दाखवून पोट भरायचं, तर आपल्याकडे मुख्य दारं दोन. शनिवार-रविवारचे वाढदिवस, आणि सोमवार ते शुक्रवार शाळा. उन्हाळी शिबिरं, गणेश मंडळं, मॉल ही वरकड कमाई. तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग करणं हा आणखी वेगळा संसार. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात तो तीन पिढ्या चाललाय, पण एकट्याने बॅग उचलून निघणाऱ्याचं ते काम नाही. मी दोन्ही दारांतून बरीच वर्षं ये-जा केली आहे, म्हणून या दोघांपुरतंच बोलतो.

आधी पैसे, कारण घरचे पहिला प्रश्न तोच विचारणार. वाढदिवसाला रक्कम ठरलेली असते: थोडा अ‍ॅडव्हान्स, बाकी केक कापल्यावर. मधे इव्हेंटवाला असेल तर त्याचं कमिशन जातं, आणि ‘जादूसोबत फुगे, टॅटू, गेम्सही घ्याल ना’ हे गृहीत धरलं जातं. शाळेत दर मुलामागे वर्गणी. समजा 20 रुपये आणि पट 400, म्हणजे कागदावर 8000. प्रत्यक्षात पैसे आणतात 300 मुलं. उरलेल्या शंभरांना वर्गात बसवा असं मला कधी म्हणवलं नाही, तुम्हालाही म्हणवणार नाही. मदतनीस आणि गाडीभाडं वजा करा. एखादी शाळा स्वतःचाही वाटा ठेवते. हातात येतं ते दहा-दहाच्या नोटांचं फुगलेलं पाकीट. ते मोजताना शिपाईमामा चहा आणून देतात, तो मात्र फुकट.

पण खरा फरक मला पैशांत दिसत नाही. तोच खेळ पुन्हा करायला कुठे मिळतो, त्यात तो आहे. शाळेत एकच प्रयोग एका तालुक्यात वीस वेळा करता येतो. बाराव्या वेळी कळतं की दोर कापण्याआधी दोन सेकंद थांबलं की हशा दुप्पट होतो. सोसायटीतल्या वाढदिवसांना मात्र तीच पंचवीस मुलं फिरत असतात. जूनमध्ये ‘बी’ विंगला, ऑगस्टमध्ये ‘डी’ विंगला. रंगीत रुमालांची पिशवी बाहेर काढायचा अवकाश, पुढच्या रांगेतून आवाज येतो, “काका, आता ती रिकामी होणार!” म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी नवा खेळ विकत घ्या आणि कच्चाच वापरा. नवशिक्याची कला इथे पिकतच नाही.

जागेचंही तसंच. एका क्लबहाऊसमध्ये मी मोठ्या ऐटीत सामान मांडलं आणि पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलंच नाही. सकाळी तिथे झुंबा चालतो, अख्खी भिंत आरशाची. माझ्या पाठीमागच्या हातात काय आहे ते सगळ्या पार्टीने पाहिलं, फक्त मी सोडून. घरात किंवा हॉलमध्ये मुलं तिन्ही बाजूंनी बसतात, एखादं सरळ टेबलाखाली शिरतं. म्हणून तिथे चारी बाजूंनी बघितलं तरी चालेल असेच खेळ हवेत: स्पंजचे ससे, कापून जोडलेला दोर, मुलाच्या मुठीतली जादू. शाळेत कोन सांभाळता येतो, पण अंतर मारतं. शेवटच्या रांगेतल्या सातवीच्या मुलाला पत्ता म्हणजे पांढरा ठिपका. तिथे रिंगा, वर्तमानपत्र, मोठे रुमाल लागतात, आणि पटांगणावर वारा सुटला तर रुमालही विसरा.

वयाचं गणित वाढदिवसात जास्त अवघड. चार वर्षांच्या मुलाला नाणं नाहीसं होण्याचं नवल नसतं. त्याच्या जगात वस्तू रोजच नाहीशा होतात. त्याला हवा असतो हरणारा जादूगार. ससा माझ्या पाठीमागून डोकावतोय आणि मी भलतीकडेच शोधतोय, की “मागे! मागे बघा!” हा ओरडा सुरू होतो आणि निम्मं काम तिथेच होतं. दहा वर्षांच्या ताईला मात्र तेवढ्यात जांभई येते. आणि पहिला वाढदिवस असेल तर उत्सवमूर्ती झोपलेली, प्रेक्षक सगळे मोबाईलवर. शाळेत पहिली ते चौथीचा प्रयोग वेगळा आणि पाचवीच्या पुढचा वेगळा मागून घ्या, बहुतेक मुख्याध्यापक ऐकतात.

मुख्याध्यापकांची एक मागणी ठरलेली असते: “थोडं अंधश्रद्धेवरही होऊ द्या.” अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव करतात ते चमत्कार, म्हणजे नारळातून निघणारी करणी, पाण्याने पेटणारा दिवा, तुम्हालाही जमायला हवेत. यात रसायनं आणि आग आहे, तेव्हा मुलं लांब बसवा आणि रसायनांची नावं मंचावर उच्चारू नका, नाहीतर संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवर प्रयोग होतो. “जादूटोण्याचा कायदा आड येत नाही ना?” असंही विचारतात. 2013 चा तो कायदा अघोरी प्रथा आणि फसवणुकीसाठी आहे. ‘ही हातचलाखी आहे’ असं सांगून खेळ करणाऱ्यासाठी नाही.

खऱ्या सशा-कबुतरांचा मोह दोन्हीकडे टाळा. प्राणी खेळात वापरायचे तर 2001 च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. फुग्यांची कला वाढदिवसाला उपयोगी पडते. 260 नंबरचे लांब फुगे घ्या, पण फुटलेले तुकडे लगेच गोळा करा, लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात. बोलकी बाहुली शिकलात तर दोन्हीकडे चालते. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावामुळे आजी-आजोबाही खुर्ची पुढे ओढतात.

मग कुठून सुरू करायचं? नोकरी चालू असेल तर उत्तर जवळपास ठरलेलं दिसतं, कारण वाढदिवस सुट्टीच्या दिवशी येतात आणि शाळा कामाच्या. तरी मी उलटं सांगेन. महिन्यातून दोन बुधवार रजा टाका आणि पहिले पन्नास प्रयोग शाळांमध्येच करा, पैसे कमी आले तरी. हात बसला की शनिवार-रविवार वाढदिवसांना द्या. घरभाडं त्यातूनच निघेल. नोकरी सोडायचा विचार पावसाळ्यात, शाळा भरात असताना, करू नका, कारण पुढे मार्च-एप्रिलमध्ये शाळा परीक्षांत असतात आणि मे महिन्यात बंद. तो एक उन्हाळा शिबिरांवर काढून बघा, मग ठरवा.

शाळांना पत्रं जूनच्या शेवटी द्या, वर्षाचं वेळापत्रक तेव्हा लागत असतं. आणि स्पीकर स्वतःचा न्या. शाळेचा माईक स्वातंत्र्यदिनानंतर कुणी तपासलेला नसतो.